चिठ्ठ्या माझ्याजवळ होत्या

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. ज्या शिवण-प्रशिक्षण वर्गात मी काम करते, तिथे नव्या तुकडीची हजेरी घेत होते. फोन त्यांच्या मुलीचा, मीनलचा होता. 'प्रज्ञाताई, आई गेली...' एवढं म्हणून ती थांबली आणि मग बराच वेळ फोनवर मागची माणसं, सरकवलेल्या खुर्च्या, कुणाचं तरी खोकणं, असं काहीबाही ऐकू येत राहिलं. मी काय बोलले ते मला आठवत नाही. हजेरीपटावर एकाच मुलीच्या नावापुढे मी तीन वेळा 'हजर' लिहिलं होतं, हे दुसऱ्या दिवशी दिसलं.

दुपारी त्यांच्या घरासमोर मांडव होता. नातेवाईक होते, गल्लीतली माणसं होती, कुंदाताईंकडून ब्लाउज शिवून घेणाऱ्या बायका होत्या. मी मात्र चार नंबर लाइनच्या बायकांना शोधत होते. कपड्यांच्या कारखान्यात एका ओळीत बसून एकच कपडा टप्प्याटप्प्याने शिवणाऱ्या माणसांना लाइन म्हणतात. मिहानच्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात कुंदाताई नऊ वर्षं चार नंबर लाइनच्या सुपरवायझर होत्या. चाळीसेक बायका त्यांच्या लाइनवर होत्या... आल्या पाच. त्याही मांडवाच्या कडेला उभ्या राहिल्या आणि तिरडी उचलली तशा निघून गेल्या.

बाकीच्या का आल्या नाहीत ते मला माहीत आहे. त्यांचा समज असा, की कुंदाताईंनी आपल्याच बायकांच्या खासगी गोष्टी साहेबांपर्यंत पोचवल्या आणि त्यातल्या तिघींचं काम घालवलं. हा समज खोटा आहे. तो खोटा आहे हे कुंदाताईंखेरीज कारखान्यातल्या आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं आणि ते माणूस दोन वर्षं गप्प बसलं. ते माणूस मी. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं लिहायची रीत आहे, पण मी रीत म्हणून लिहीत नाही. एका बाईच्या नावावर माझ्यामुळे डाग पडला आहे. तो मला ती गेल्यानंतर पुसावा लागतो आहे, याची लाज बाळगून लिहिते आहे.

माझं घर इंदोरा वस्तीतलं. घराच्या पुढच्या खोलीत वडिलांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर वडील जगायचे. मोहल्ल्यातला नळ बंद झाला, पत्रक. शाळेत कुणाला मागे बसवलं, पत्रक. कामठीच्या मागांवर विणणाऱ्यांची मजुरी अडली, पत्रक. शाईच्या वासात आम्ही भावंडं कागदाच्या घड्या घालायचो. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मला माझ्या नावाआधी लिहिता येत होते, असं आई अजून सांगते. अशा घरातून निघून मी त्या कारखान्याच्या प्रॉडक्शन ऑफिसात कारकून म्हणून लागले, कारण नोकरी हवी होती. काम असं होतं, की वरून आलेला महिन्याचा आकडा दिवसांनी भागायचा, मग लाइनींनी, मग मशिनींनी. आणि जे येईल ते एकेकीच्या नावापुढे लिहून कागद खाली पाठवायचा. त्या कागदाला सगळे टार्गेट म्हणायचे. टार्गेट म्हणजे मालकाच्या हातातली छडी, असं मी लहानपणापासून वाचलं होतं. आता ती छडी मीच तासून देत होते आणि मनातल्या मनात रोज एक पत्रक लिहीत होते.

पहिल्याच आठवड्यात तो कागद घेऊन एक ठेंगणी, पन्नाशीकडे झुकलेली बाई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. गळ्यात मोजपट्टी, चष्मा कपाळावर.

"हे कोणं लिहलं?"

"मी लिहिलं. का?"

"कॉलर लावता येते का तुले?"

"नाही."

"मंग वनिताच्या नावासमोर आकडा काहून टाकला? ती कॉलर लावते ना."

"मॅडम, मी फक्त भागाकार केला."

"अव माय!" त्या जोरात हसल्या. "चाल, तुह्या भागाकाराले शिवून पाहू."

जेवणाच्या सुटीत त्यांनी मला वनिताच्या मशीनवर बसवलं. वनिता कामठीहून यायची, एक बस आणि एक ऑटो करून. चार नंबर लाइनवर कॉलरला तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. ती शेजारी डबा उघडून बसली आणि माझी फजिती बघत जेवली. अर्ध्या तासात माझी एक कॉलर झाली, आणि तिची दोन टोकं दोन दिशांना गेली होती. वनिता म्हणाली, "बाई, हे शर्ट मोठ्या साहेबाले द्या. त्याची मान बी वाकडीच हाय." सगळी लाइन हसली. कुंदाताई हसल्या नाहीत. त्यांनी ती कॉलर माझ्या हातात दिली. "ज्या मशीनवर आपण बसलो नाही, तिचा आकडा आपण बोलायचा नाही. एवढं ध्यानात ठेव, मंग तुले जे लिहाचं ते लिही."

त्या स्वतः हा नियम पाळत. लाइनवर नवा कपडा आला, शाळेचा गणवेश असो की दवाखान्याचा अॅप्रन, की पहिल्या दिवशी त्या एकेका मशीनवर तासभर बसून ते काम स्वतः करून बघायच्या. आणि सोमवारी सकाळी चिठ्ठ्या. नमुने कापायचा जो जाड खाकी कागद असतो, त्याच्या उरलेल्या तुकड्यांच्या त्या चिठ्ठ्या. मधोमध घडी. डावीकडे वर लिहायचं 'मी', उजवीकडे 'ताई'. डाव्या बाजूला त्या बाईने स्वतःच्या हाताने लिहायचं, या आठवड्यात मी काय करीन. एकच गोष्ट. उजव्या बाजूला, त्यासाठी ताईने मला काय द्यायचं. "माझ्या डोक्यावरची ट्यूब फडफडते." "कपड्याचा गठ्ठा डावीकडून द्या." "बुधवारी पोराले दवाखान्यात न्याचं आहे, तो दिवस धरू नका." ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या बोलायच्या आणि कुंदाताई लिहायच्या, पण सही त्यांचीच, नाहीतर अंगठा. डावीकडे नेहमी आकडाच असायचा असंही नाही. एकीने लिहिलं होतं, "या हप्त्यात उसवणार नाही." म्हणजे चुकून शिवलेलं उसवून पुन्हा शिवायची वेळ येऊ देणार नाही. कुंदाताई तो कागद दोन दिवस खिशात घेऊन फिरल्या, इतका त्यांना तो आवडला.

नवी पोरगी कुणी जोशात मोठा आकडा लिहिते असं दिसलं, की त्या पेन काढून घ्यायच्या. "एवढं नको बोलू वं. शुक्रवारी रडशील." मग तिच्याकडूनच तो आकडा कमी करून घ्यायच्या. सुपरवायझरने आकडा कमी करून घेतल्याचं मी आजवर फक्त तिथेच पाहिलं. शनिवारी संध्याकाळी चिठ्ठी उघडायची, ती उजव्या बाजूकडून. "आधी माह्यं काय झालं ते पाहू." ट्यूब बदलली गेली नसेल, तर डाव्या बाजूचा हिशोब त्या विचारतच नसत. आणि कुणाची चिठ्ठी दुसरीला दाखवायची नाही. ती दोघींमधली गोष्ट. म्हणूनच बायका उजवीकडे असं काही लिहायच्या जे त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

हे त्यांना कुणी शिकवलं, असं मी एकदा विचारलं. त्या काटोलकडच्या. लहानपणी संत्र्यांच्या हंगामात आईबरोबर पेट्या भरायला जायच्या. व्यापाऱ्याचा माणूस सकाळी येऊन सगळ्यांना एकच आकडा ओरडून सांगायचा. त्यांच्या आईला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण हाताने चाचपून ती फळ असं निवडायची की तिच्या पेटीतलं एकही संत्रं मंडईपर्यंत सडायचं नाही. "ते कोणं इचारलंच नाही," कुंदाताई म्हणाल्या. "सांजच्याले पेट्या कमी दिसल्या की आई सगळ्यांसमोर बोलणं खाये. मी बाजूले उभी राहो..." एवढं बोलून त्या कुणाच्या तरी मशीनचा पट्टा सुटला म्हणून उठल्या.

मी त्यांच्याशी भांडायचे. मनापासून. मी म्हणायचे, "ताई, हे गोड बोलून काम काढून घेणं आहे. बाईच्याच हाताने तिच्या गळ्यात फास लिहून घेता तुम्ही." एकदा त्या चिडल्या. "तुह्या बापाचा छापखाना होता ना? दीक्षाभूमीवर वाटाचे पत्रकं गर्दी उठून गेल्यावर छापून देल्ले, तर काय कामाचे? तिथं दिवस ठरत होता ना? कोण ठरवे?"

"आम्ही सगळे मिळून ठरवायचो."

"मंग मी काय करून राहिली?"

मी आणखी मोठ्याने बोलले. घरी आल्यावर मात्र मला पहिल्यांदा कळलं, की वाईट टार्गेट असतं आणि चांगलंही असतं, आणि त्या दोन्हींत फरक आकड्याचा नसतो. उजवी बाजू कोरी आहे की भरलेली, एवढ्यात तो असतो. मी हे त्यांना कधी सांगितलं नाही. पुढे त्यांनी आपल्या टेबलाच्या खणाची किल्ली मला दिली, म्हणजे उजव्या बाजूच्या मागण्या वाचून मी स्टोअरकडे कागद करावेत. चाळीस बायकांनी त्यांच्यावर टाकलेला विश्वास त्यांनी अशा रीतीने माझ्या हातात दिला.

मग नवे मॅनेजर आले. एका हॉटेलात दिवसभराचं प्रशिक्षण झालं आणि परत आल्यावर प्रत्येक लाइनच्या डोक्यावर टीव्हीसारखे पडदे लागले. सगळ्यांना एकच आकडा, दर दोन तासांनी नावं, मागे पडलेलीचं नाव लाल. पहिल्या बैठकीत कुंदाताई उभ्या राहिल्या. "साहेब, आकडा द्या. आम्ही नाही म्हणत नाही. पण त्याच्यासाठी तुमी काय देता, ते बी पडद्यावर लिहा." मॅनेजर हसून म्हणाले, "आम्ही पगार देतो." कुंदाताई खाली बसल्या.

त्या दिवशी माझ्या डोक्यात रक्त चढलं. मला वाटलं, आता माझी वेळ आली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खण उघडला आणि चिठ्ठ्यांचे फोटो काढले. माणसासारखं काम ठरवता येतं, आमच्याच कारखान्यात ते ठरतं, याचा पुरावा जगाला दाखवायचा होता. पत्रकाची मुलगी मी, मला कोणता पुरावा जास्त बोलतो ते बरोबर कळतं. जिथे उजवी बाजू सगळ्यात लांब होती, त्या चिठ्ठ्या मी निवडल्या. "मनगट सुजते, संध्याकाळी कॉलर नको, साधी शिलाई द्या." "सातवा महिना आहे, टेकायचं स्टूल पाहिजे." "डोळ्याचं ऑपरेशन झालं, काळ्या कपड्यावर काळा धागा दिसत नाही." नावांवर मी काळी पट्टी मारली. वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'माणूस आधी, आकडा नंतर', आणि खाली माझं नाव घातलं नाही.

घरी वडिलांनी कच्चा कागद पाहिला. आता त्यांचे हात थरथरतात, छापखाना बंद आहे, पण कागद ते अजून उजेडात धरूनच वाचतात. "ज्यायचे अक्षरं छापून राहिली, त्यायले इचारलं का?"

"नावं खोडली आहेत, बाबा."

"नावाचं नाही इचारलं मी."

मी ऐकलं नाही. पत्रकं मिहानच्या बसथांब्यावर सकाळी वाटली गेली. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.

नावं कशाला लागतात? सातवा महिना कुणाला आहे ते लाइनवर दिसतं. कॉलर कोण लावतं ते सगळ्यांना माहीत आहे. चौथ्या दिवशी, ज्याच्यामार्फत या बायका कामावर होत्या त्या ठेकेदाराच्या माणसाने तीन बायकांना फाटकातूनच परत पाठवलं. ठेक्यावरच्या माणसाला कारण सांगावं लागत नाही. तरी मॅनेजरांनी लाइनवर येऊन सगळ्यांसमोर ते सांगितलं. "कुंदाताईंच्या चिठ्ठ्यांमुळे आम्हाला समजलं, कोणाला काम झेपत नाही." त्यांनी हे मुद्दाम म्हटलं की सहज, मला आजही सांगता येत नाही. पण त्या वाक्याने काम केलं. फाटकातून परत गेलेल्या तिघींत वनिता होती, आणि वनिताची चिठ्ठी कुंदाताईंखेरीज कुणी पाहिलीच नव्हती... असं सगळ्यांना माहीत होतं.

मॅनेजरांच्या काचेच्या केबिनबाहेर माझं टेबल. दार अर्धं उघडं होतं. आत त्यांनी ते पत्रक टेबलावर आपटलं. "हे कागद तुमच्याकडचे?"

"होय."

"बाहेर कोणी दिले?"

"चिठ्ठ्या माझ्याजवळ होत्या, साहेब."

"मी विचारतोय, दिले कोणी?"

"मी सांगून राहिली ना. ज्याच्याजवळ ठेवाले देल्लं, जबाबदारी त्याची. बाकी मले इचारू नका."

काचेतून त्यांची पाठ दिसत होती. एकदाही त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर सगळ्यांना कळलं असतं. मी खुर्चीवरून उठू शकले असते. दार चार पावलांवर होतं.

नंतर पाण्याच्या टाकीशी त्यांनी मला गाठलं. मी रडत होते, आत जाऊन सांगते म्हणत होते. त्यांनी माझं मनगट धरलं. "आता नाही. तू बी गेली, तर त्यायचे कागद कोण काढन? दुसरीकडं काम लागाले अनुभवाचा दाखला लागते, तो तुह्या ऑफिसातून निघते. आधी तिघींले कामाले लाव. मंग सांग सगळ्यायले." मी मान डोलावली. जाता जाता त्या थांबल्या. "पोरी, तुले लिहता येते. लिहणाऱ्यानं आधी इचारलं पाह्यजे." एवढंच. त्यानंतर या विषयावर त्यांनी मला एक कडू शब्द ऐकवला नाही आणि तेच मला सहन झालं नाही.

नऊ वर्षांत त्यांनी दिलेल्या प्रत्येक कामाला दिवस असायचा. सोमवार ते शनिवार. या एकाच कामाला त्यांनी दिवस लावला नाही, म्हणाल्या, 'मंग'. घाईत म्हणाल्या असतील, किंवा माझ्यावर विश्वास होता म्हणून. त्या एका शब्दात मी दोन वर्षं राहिले. दोघींना सहा महिन्यांच्या आत दुसरीकडे काम लागलं, त्यासाठी मी जीव तोडून धावले. वनिताला मी दाखला पोस्टाने पाठवला, तो तिने तसाच परत पाठवला. ती कामठीला घरीच साड्यांना फॉल लावते आहे, असं कळलं. म्हणजे काम अपुरं राहिलं. आणि काम अपुरं आहे तोवर सत्य सांगायची वेळ आलेली नाही, असं मी स्वतःला समजावत राहिले. कुंदाताईंना लाइनवरून काढून तपासणीच्या टेबलावर बसवलं. तिथे जुन्या बायका त्यांच्याशी बोलत नसत. त्यांच्या पुढ्यात शर्ट ठेवून निघून जायच्या. दोन महिन्यांनी त्यांनी कारखाना सोडला. वर्षभराने मीही सोडला. फाटकाबाहेर पडल्यावर तर मला कुणाचीच भीती नव्हती. तरी मी बोलले नाही. ज्या मुलीला निषेध लिहिता येत होता, तिला एक साधं वाक्य बोलता येत नव्हतं.

कुंदाताईंच्या हृदयाची झडप जुनीच नादुरुस्त होती. त्या जायच्या सहा आठवडे आधी मी भेटायला गेले तेव्हा त्यांचे पाय घोट्यापर्यंत सुजले होते, चार शब्द बोलल्या की दम लागत होता. तरी मला बघून त्यांनी मीनलला चहा टाकायला सांगितला आणि माझ्या वर्गाची चौकशी केली. तुझ्या हाताखाली किती शिक्षिका आहेत, त्यांना काम कसं नेमून देतेस, आधी वर्गात स्वतः शिकवून बघतेस का. मी हो म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. मग चहाचा कप खाली ठेवत त्यांनी विचारलं, "वनिताचं काय झालं?"

"जाते मी तिच्याकडे, ताई. बघते."

"बघते म्हंजे कधी?"

मी हसले. त्याही हसल्या. मला वाटलं, विषय टळला. कामठी म्हणजे काय, एका शेअर ऑटोचा रस्ता... सहा आठवडे मी गेले नाही.

गेले, ती त्यांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. वनिताची गल्ली मागांच्या खडखडाटात बुडालेली होती. दारात बसून ती एका हिरव्या साडीला फॉल लावत होती. आधी तिने मला ओळखलं नाही. मग म्हणाली, "ऑफिसवाली ना तू? वाकडी कॉलरवाली. बस." मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. उभ्यानेच सगळं सांगितलं. खण, किल्ली, फोटो, पत्रक, काचेचं केबिन.

तिची सुई साडीतच थांबली.

"म्हंजे कागद तू छापले."

"हो."

"अन् बाईनं?"

"त्यांनी फक्त माझं नाव घेतलं नाही."

वनिताने साडीची घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून मोडली आणि पुन्हा घातली. "तिचा फोन ये मले," ती म्हणाली. "राखीच्या टायमाले चारदा आला. मी उचललाच नाही. मंग मीनलचा आला, आई लई बिमार आहे, तुमची आठवण काढते. मी म्हणलं, काढू दे... तू दोन वर्स काय करून राहिली होती वं?"

घडी घातलेली साडी तिने बाजूला सरकवली.

"तिघी घरी बसलो, त्याचं मले काई वाटत नाही आता. कामं येते, जाते. पण मी तिचं तोंड बी पाहाले गेली नाही. नऊ वर्स एका डब्यात जेवलो आम्ही." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"मी काय करू, वनिताताई?"

"मले काहून इचारते? लिहता येते ना तुले? तवा बिननावाचं लिहलं होतं. आता नाव टाकून लिही. सगळ्या बाया वाचतीन असं लिही. अन् कोणत्या दिवशी, ते मले आत्ता सांग."

मी दिवस सांगितला. ज्या दिवशी तुम्ही हे वाचत आहात, तोच तो दिवस. जिची जिची चिठ्ठी मी न विचारता छापली तिची मी माफी मागते. आणि चार नंबर लाइनमधल्या प्रत्येकीला माझ्या नावानिशी सांगते, की कुंदाताईंनी तुमच्यापैकी कुणाचाही कागद कुणालाही दिला नाही. तो मी चोरला. वनिताचं मी विचारूनच लिहिलं आहे. बाकी दोघींची नावं त्यांच्या सांगण्यावरून लिहिली नाहीत.

साडी आत ठेवून वनिताने चपला घातल्या. "चाल. घर दाखव तिचं."

मीनलने दार उघडलं. वनिताला पाहून ती बाजूला झाली. आतल्या खोलीत खिडकीशी कुंदाताईंचं पायाने चालवायचं मशीन होतं. कारखाना सोडल्यापासून त्या त्याच्यावरच शिवायच्या. मशीन बंद करताना सुईखाली एक चिंधी दाबून ठेवतात, म्हणजे लोखंडावर लोखंड घासत नाही. कुंदाताईंनी शेवटच्या दिवशी ठेवलेली गुलाबी चिंधी तशीच तिथे होती. मीनल म्हणाली, "धागा नीट येते का, ते आई तिच्यावर पाहून राहिली होती. मंग थकली म्हणे. मी हात लावला नाही."

वनिता स्टुलावर बसली. कपडा धरून ठेवणारा दाब उचलून तिने चिंधी हळूच बाहेर काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. शिलाईची रेघ सरळ होती, अगदी मोजून मारल्यासारखी. पण मधे मधे तुटलेली. मला त्यात एवढंच दिसलं. वनिता तिच्यावरून अंगठा फिरवत होती.

"पायात जोर नव्हता तिच्या," ती म्हणाली. "चाक उलटं जाऊन राहिलं होतं. चाक उलटं गेलं की धागा तुटते." तिचा अंगठा पुढे सरकला. "इथं तुटला. इथं बी. पाह्य, इथं बी..." रेघ संपली तिथे अंगठा थांबला. "अन् दरवेळी बाईनं पुन्हा ओवला."

चिंधी तिने होती तशी सुईखाली ठेवली आणि वरून दाब सोडला.